नव्या कॉम्प्युटरवर सर्च इंजिन बदलायचं, तर ते नेमकं कुठे कुठे

विंडोज ११ चा नवा लॅपटॉप सुरू करून ॲड्रेस बारमध्ये 'नाशिक शिर्डी बस' टाकलं की निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगवर उघडतात. गूगलची सवय असलेला माणूस सेटिंग्ज धुंडाळतो आणि बिंगच्या जागी गूगल करतो. मग नवा टॅब उघडून मधल्या चौकटीत काही टाकतो, तर समोर पुन्हा बिंग. शेवटी क्रोम उतरवून घेतो, त्यालाच डिफॉल्ट (म्हणजे न विचारता आपोआप वापरला जाणारा) करतो, तरी स्टार्ट मेनूत शोधलेलं मायक्रोसॉफ्टच्या एजमध्येच उघडतं. मशीनमध्ये व्हायरस शिरला असं समजून लोक इथेच दुकान गाठतात. बहुतेक वेळा व्हायरस नसतो. 'डिफॉल्ट सर्च इंजिन' ही एकच सेटिंग आहे हा समज चुकीचा असतो, एवढंच.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. एज, क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे ब्राउझर, म्हणजे संकेतस्थळं उघडणारे प्रोग्रॅम. गूगल, बिंग, डकडकगो, याहू ही सर्च इंजिनं, म्हणजे आपण टाकलेल्या शब्दांवरून पानं शोधून देणाऱ्या सेवा. कुठल्याही ब्राउझरमध्ये कुठलंही सर्च इंजिन चालतं. ब्राउझर बदलला म्हणून सर्च इंजिन बदलेलच असं नाही, आणि उलटही तसंच. गूगल कंपनीचा ब्राउझर क्रोम आहे आणि क्रोम उघडल्यावर गूगलचीच चौकट दिसते, त्यामुळे ही गल्लत होते.

आता त्या जागा. पहिली ॲड्रेस बार: तिथे पत्ता न टाकता शब्द टाकले की ते डिफॉल्ट सर्च इंजिनकडे जातात. दुसरी नव्या टॅबच्या मधोमध असलेली चौकट, तिची सेटिंग वेगळी असू शकते. तिसरी होमपेज आणि ब्राउझर उघडताच येणारी पानं. ती सर्च इंजिन बदलत नाहीत, पण तिथे एखादं सर्च इंजिन उघडत असेल तर माणूस तिथेच शोधतो. चौथी खासगी विंडो (जी ब्राउझरमध्ये शोधांचा इतिहास ठेवत नाही), जिच्यासाठी फायरफॉक्स आणि सफारी वेगळी निवड देतात. पाचवी विंडोजचा स्वतःचा शोध, म्हणजे स्टार्ट मेनू आणि टास्कबारवरची चौकट. ही पाचवी जागा ब्राउझरचं ऐकतच नाही. शिवाय हे सगळं प्रत्येक ब्राउझरमध्ये आणि प्रत्येक प्रोफाइलमध्ये स्वतंत्र असतं. घरात एकाच लॅपटॉपवर आईचं, बाबांचं आणि मुलीचं अशी तीन प्रोफाइलं असतील, तर एकात केलेला बदल इतर दोघांत दिसणार नाही.

या जागांसाठी एवढी ओढाताण का, ते अमेरिकेतल्या एका खटल्यातून नीट कळतं. वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाचे न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी निकाल दिला की गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली. त्या निकालातले आकडे बोलके आहेत. ब्राउझर आणि फोन बनवणाऱ्यांकडे आपलं इंजिन डिफॉल्ट राहावं म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले. सफारीतल्या जागेसाठी ॲपलला २०२२ मध्ये सुमारे २,००० कोटी डॉलर मिळाले. त्याहून महत्त्वाचा आकडा एजचा आहे. जगभर बिंगचा वाटा अगदी लहान असताना एजमधले सुमारे ८० टक्के शोध बिंगवर होत होते, कारण तिथे ते आधीपासून बसवलेलं असतं. समोर जे ठेवलेलं असतं तेच बहुतेक लोक वापरत राहतात, आणि कंपन्या मोजतात ते याच सवयीचे पैसे. म्हणून निवड कुठलीही करा, पण ती तुम्ही केलेली असू द्या. बिंगच आवडत असेल तर तेही चांगलंच.

हात लावण्याआधी

काही स्वस्त लॅपटॉप 'एस मोड'मध्ये येतात. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काही बसत नाही, त्यामुळे क्रोमची फाइल उतरते पण चालत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग ॲक्टिव्हेशन इथे गेलं की मशीन एस मोडमध्ये आहे का ते दिसतं. बाहेर पडायचा दुवाही तिथेच असतो. तो स्टोअरमध्ये नेतो आणि 'गेट' दाबलं की काम होतं. यासाठी पैसे लागत नाहीत, मात्र एकदा बाहेर पडलं की पुन्हा एस मोडमध्ये जाता येत नाही. कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

दुसरी काळजी क्रमाची. नव्या मशीनवर क्रोम बसवताच लोक जीमेलने साइन इन करून सिंक, म्हणजे सगळ्या मशीनवर सेटिंग्ज सारख्या ठेवायची सोय, चालू करतात. सिंकबरोबर जुन्या मशीनची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) आणि सर्च इंजिनची निवडही येते. जुना कॉम्प्युटर एखाद्या उपऱ्या एक्स्टेन्शनने बिघडलेला असेल, तर तो बिघाड पहिल्याच दिवशी नव्यात उतरतो. म्हणून आधी जुन्या मशीनवर एक्स्टेन्शन्सची यादी उघडा, जी ओळखू येत नाहीत ती काढून टाका, आणि मगच नव्यावर सिंक चालू करा.

तिसरी गोष्ट क्रोम किंवा फायरफॉक्स उतरवून घेण्याची. एजमध्ये 'क्रोम डाउनलोड' असं शोधून पहिल्या दुव्यावर क्लिक करू नका. वरचे दुवे जाहिरातीचे असू शकतात, आणि नकली इन्स्टॉलर पसरवायची ही जुनी पद्धत आहे. ॲड्रेस बारमध्ये थेट पत्ता टाका: क्रोमसाठी गूगल डॉट कॉम, स्लॅश, क्रोम, फायरफॉक्ससाठी फायरफॉक्स डॉट कॉम.

एजमध्ये

उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून सेटिंग्ज उघडा. 'प्रायव्हसी, सर्च अँड सर्व्हिसेस' या भागात 'ॲड्रेस बार अँड सर्च' असं पान आहे. एजच्या आवृत्त्यांमध्ये या पानाची जागा सरकत राहते. कधी ते पानाच्या अगदी तळाशी असतं, कधी आणखी एका उपविभागात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'ॲड्रेस बार' टाका, लगेच समोर येईल.

त्या पानावर दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. 'सर्च इंजिन यूज्ड इन द ॲड्रेस बार' या ओळीत बिंगच्या जागी हवं ते निवडा. बहुतेक जण एवढंच करून बाहेर पडतात आणि मग नव्या टॅबवर बिंग भेटतं. कारण दुसरी ओळ राहिलेली असते: 'सर्च ऑन न्यू टॅब्ज यूजेस सर्च बॉक्स ऑर ॲड्रेस बार'. इथे मुळात 'सर्च बॉक्स' निवडलेलं असतं आणि ती चौकट बिंगची आहे. तिथे 'ॲड्रेस बार' निवडा. मग नव्या टॅबच्या मधल्या चौकटीत टाकलेली अक्षरं आपोआप वरच्या पट्टीत उमटतात आणि तुम्ही निवडलेल्या इंजिनकडेच जातात.

यादीत हवं ते इंजिन दिसत नसेल तर त्या इंजिनच्या संकेतस्थळावर जाऊन तिथल्या चौकटीत काहीही एकदा शोधा आणि परत या. एज स्वतःच ते नाव यादीत घालतो. साइट नुसती उघडून भागत नाही, एक शोध करावाच लागतो.

स्टार्ट मेनू

इथे स्पष्ट सांगायला हवं: भारतातल्या विंडोजवर स्टार्ट मेनूतल्या वेब शोधाचं इंजिन बदलायची अधिकृत सोय नाही. तो बिंगवर जातो आणि एजमध्ये उघडतो. हे शोध दुसऱ्या ब्राउझरकडे वळवणारे बाहेरचे छोटे प्रोग्रॅम मिळतात, पण विंडोजच्या एखाद्या अपडेटने ते बंद पडतात. २०२१ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने असा एक प्रचलित मार्ग बंदही केला. त्यांच्या मागे लागू नये असं आमचं मत आहे.

हे वेब निकाल मुळातच बंद करणं मात्र जमतं. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे विंडोजचे नियम ठरवणारं साधन, उघडा. त्यात युजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, फाइल एक्सप्लोरर असं जाऊन 'टर्न ऑफ डिस्प्ले ऑफ रीसेंट सर्च एंट्रीज इन द फाइल एक्सप्लोरर सर्च बॉक्स' ही पॉलिसी 'एनेबल्ड' करा आणि मशीन रीस्टार्ट करा. नाव फाइल एक्सप्लोररचं असलं तरी तिच्यामुळे स्टार्टमधल्या वेब सूचनाही थांबतात. सोबत फाइल एक्सप्लोररमध्ये जुने शोध सुचवणं बंद होतं, हे धरून चाला. विंडोज होममध्ये हा एडिटर नसतो. तिथे तोच बदल रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, हाताने करावा लागतो, आणि रजिस्ट्रीची सवय नसेल तर तो न केलेला बरा. स्टार्ट मेनूत फक्त प्रोग्रॅम आणि फाइली शोधायच्या, वेबवरचं सगळं ब्राउझरमध्ये, एवढी सवय लावली तरी प्रश्न मिटतो.

युरोपात नियम वेगळे आहेत. तिथला डिजिटल मार्केट्स ॲक्ट मोठ्या कंपन्यांवर मार्च २०२४ पासून बंधनकारक झाला, आणि त्यामुळे युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या विंडोजवर एज काढून टाकता येतो, स्टार्टमधला बिंगचा शोधही बंद करता येतो. जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने भारतातून नेलेला लॅपटॉप मात्र भारतीयच राहतो. मशीन पहिल्यांदा सुरू करताना निवडलेला प्रदेश यासाठी धरला जातो, आणि तो बदलायचा तर पीसी पूर्ण रीसेट करावा लागतो. नंतर सेटिंग्जमध्ये देश बदलून या सोयी मिळत नाहीत.

भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की भारतात नवा अँड्रॉइड फोन किंवा टॅबलेट सुरू करताना सर्च इंजिन निवडायचा पडदा दाखवला जाईल. आयोगाचा तो आदेश अँड्रॉइडपुरता होता. कॉम्प्युटरवर निवड आपली आपणच शोधायची.

क्रोम, फायरफॉक्स, सफारी

क्रोममध्ये सेटिंग्ज, मग 'सर्च इंजिन', मग 'चेंज'. यादीतून निवडून 'सेट ॲज डिफॉल्ट' दाबायचं. गूगलऐवजी दुसरं काही निवडलंत तर नव्या टॅबवरची गूगलची चौकट जाते. तो बिघाड नाही; शब्द वरच्या पट्टीत टाकायचे.

क्रोम बसवल्यावर विंडोजमध्येही त्याला डिफॉल्ट करावं लागतं: सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, यादीतून क्रोम, आणि वर 'सेट डिफॉल्ट'. याने ईमेलमधले दुवे क्रोममध्ये उघडतात. पीडीएफ फाइली मात्र एजकडे राहू शकतात. त्याच पानावर खाली पीडीएफची वेगळी ओळ आहे, ती तपासा.

फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या डाव्या यादीत 'सर्च' आहे. तिथे खासगी विंडोसाठी वेगळं इंजिन ठेवायची खूण करता येते. बरेच लोक नेहमीच्या कामाला गूगल आणि खासगी विंडोला डकडकगो अशी वाटणी करतात, आणि ती सोयीची आहे. सफारीत मेनूतून सेटिंग्ज, मग 'सर्च'. तिथेही खासगी विंडोची निवड स्वतंत्र आहे. पण सफारीच्या यादीत जी मोजकी नावं आहेत त्यांच्या पलीकडचं इंजिन एक्स्टेन्शनशिवाय घालता येत नाही.

इंजिन निवडताना एक माहिती हाताशी असावी. दिसायला पर्याय पुष्कळ असले तरी वेबवरच्या पानांची स्वतःची प्रचंड सूची बाळगणारी इंजिनं थोडीच आहेत. याहूचे निकाल बिंगवरून येतात. डकडकगो आपली भर घालतं, पण मोठा भाग बिंगवरूनच घेतं. २३ मे २०२४ रोजी बिंगची सेवा काही तास कोलमडली तेव्हा डकडकगो आणि इकोसिया ही इंजिनंही अडखळली, ते याचमुळे. त्यामुळे बिंगवर जे सापडलं नाही ते याहूवर शोधण्यात फारसा अर्थ नाही. मराठी मजकूर शोधायचा असेल तर तुमच्या कामाचे पाचसहा शोध दोन वेगवेगळ्या इंजिनांवर देवनागरीत करून पाहा आणि मग ठरवा. फरक लगेच दिसतो.

मराठी शोधासाठी स्वतःचे शॉर्टकट

ब्राउझरमधली ही सोय फारच कमी वापरली जाते, आणि मराठीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला तिचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. डिफॉल्ट इंजिन एकच असतं, पण त्याच्या जोडीला हव्या त्या संकेतस्थळाचा शोध ॲड्रेस बारमधून थेट करता येतो. मराठी विकिपीडियाचं उदाहरण घेऊन क्रोममध्ये करून पाहू.

मराठी विकिपीडिया उघडा आणि तिथल्या शोधचौकटीत रोमन लिपीतली तीन-चार निरर्थक अक्षरं टाकून एंटर दाबा. निरर्थक अशासाठी की खरा शब्द टाकला आणि त्या नावाचा लेख असला, तर विकिपीडिया थेट त्या लेखावर नेतो आणि आपल्याला हवा तो शोधाचा पत्ता मिळत नाही. रोमन अशासाठी की देवनागरी अक्षरं पत्ता कॉपी केल्यावर टक्केचिन्हं आणि आकड्यांची लांबलचक माळ बनून येतात, आणि त्यात आपला शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळत नाही. निकालाचं पान आलं की वरचा पूर्ण पत्ता कॉपी करा.

आता क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन', मग 'मॅनेज सर्च इंजिन्स अँड साइट सर्च' इथे जा आणि 'साइट सर्च'समोरचं 'ॲड' दाबा. तीन रकाने येतात. नावात 'मराठी विकिपीडिया' लिहा. शॉर्टकटमध्ये रोमन एम आणि व्ही. पत्त्याच्या रकान्यात कॉपी केलेला पत्ता चिकटवा, त्यात आपली निरर्थक अक्षरं शोधा, आणि फक्त तेवढी पुसून तिथे टक्केचिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान एस लिहा. मध्ये जागा सोडायची नाही. या दोन खुणांच्या जागी ब्राउझर पुढे तुमचा शब्द बसवतो. सेव्ह करा.

यापुढे ॲड्रेस बारमध्ये एम व्ही टाकून टॅब दाबलं की पट्टीत 'मराठी विकिपीडिया' दिसतं. आता विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून मराठी कीबोर्डवर जा आणि शब्द टाका. शॉर्टकट रोमनमध्ये ठेवला की मराठीत टंकायचं नसेल तेव्हाही तो हाताशी राहतो. मराठी कीबोर्ड यादीत नसेल तर सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथून मराठी भाषा जोडा. तिच्या पर्यायांमध्ये 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड आहे, त्यात रोमन कळांनी 'घर' लिहिलं की देवनागरीत उमटतं.

ऑनलाइन शब्दकोश, वाचनालयाची ग्रंथसूची, एखाद्या वर्तमानपत्राचा संग्रह, असा कुठलाही शोध याच रीतीने जोडता येतो. अट एकच: शोधल्यावर तुमचा शब्द पत्त्यात दिसायला हवा. काही सरकारी पोर्टलांवर तो दिसत नाही, तिथे ही युक्ती चालत नाही. डिफॉल्टच्या यादीत नसलेलं सर्च इंजिनही असंच घालता येतं. मग त्या ओळीच्या तीन टिंबांतून 'मेक डिफॉल्ट' निवडायचं.

सेटिंग आपोआप पालटत असेल तर

वर सांगितलेलं सगळं कंपन्यांचं उघड धोरण झालं. दुसरा प्रकार खरोखर उपद्रवी आहे. तुम्ही गूगल निवडता आणि दोन दिवसांनी शोध भलत्याच नावाच्या पानावरून फिरून याहूवर किंवा बिंगवर उतरतात. हे ओळखायचं असेल तर ॲड्रेस बारमध्ये एक शब्द टाकून एंटर दाबा आणि नजर पट्टीवर ठेवा. निकाल येण्याआधी क्षणभर अनोळखी पत्ता चमकून गेला, तर मध्ये कोणीतरी बसलेलं आहे. त्याला प्रत्येक शोधामागे जाहिरातीच्या उत्पन्नातला हिस्सा मिळतो, म्हणून तो तुमचे शोध स्वतःकडून वळवून नेतो.

तो येतो कसा? पीडीएफ बदलणारी, कूपन दाखवणारी फुकट एक्स्टेन्शन्स हा नेहमीचा रस्ता. दुसरा म्हणजे फुकट प्रोग्रॅमचा इन्स्टॉलर, ज्यात 'रेकमेंडेड' निवडलं की आधीपासून टिक केलेल्या चौकटींमधलं सगळं बसतं. 'कस्टम' निवडलं असतं तर त्या चौकटी दिसल्या असत्या. नव्या लॅपटॉपवर आधीच बसवून दिलेली ट्रायल सॉफ्टवेअरंही कधी कधी 'सुरक्षित शोध' अशा नावाने स्वतःचं इंजिन पुढे करतात.

सफाई ठरावीक क्रमाने करावी लागते. आधी सर्च इंजिन बदलून उपयोग नाही, कारण बदल करणारा आत असेपर्यंत तो पुन्हा पालटतो. सुरुवातीला क्रोमचं सिंक बंद करा, नाहीतर काढलेलं एक्स्टेन्शन गूगल खात्यातून परत येतं. मग एक्स्टेन्शन्सच्या पानावर जाऊन अनोळखी सगळी काढा. क्रोमच्या सर्च इंजिन सेटिंगखाली अमुक एक्स्टेन्शन ही सेटिंग नियंत्रित करत आहे अशी ओळ दिसली तर चोर तिथेच सापडला, शेजारचं 'डिसेबल' दाबा. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेलं जे ओळखीचं नाही, ते अनइन्स्टॉल करा.

यानंतर डेस्कटॉपवरचा शॉर्टकट तपासा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'टार्गेट'चा रकाना. तो मजकूर क्रोमच्या ईएक्सई फाइलच्या नावावर संपायला हवा. त्यापुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता जोडलेला असेल तर तेवढाच भाग पुसा. 'प्रोफाइल डिरेक्टरी' असा मजकूर असेल तर मात्र तो क्रोमचाच आहे, राहू द्या. सेटिंग्जमधल्या 'ऑन स्टार्टअप' भागातली पानंही पाहून घ्या.

एक्स्टेन्शन काढायचं बटणच चालत नसेल, किंवा क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' अशी ओळ दिसत असेल, तर मामला थोडा खोल आहे. ऑफिसने दिलेल्या मशीनवर ही ओळ असणारच, तिथे काही न करता आयटी विभागाला विचारा. घरच्या मशीनवर ती दिसली तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने पॉलिसी, म्हणजे सक्तीचा नियम, बसवली आहे. काही चांगले प्रोग्रॅमही तसं करतात, म्हणून आधी पाहा. ॲड्रेस बारमध्ये रोमनमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश, पॉलिसी असं टाका. येणाऱ्या यादीत डिफॉल्ट सर्च प्रोव्हायडरची किंवा सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शन्सची नोंद असेल तर कारण हातात आलं. ती नोंद रजिस्ट्रीतून काढावी लागते. पण मशीन नवं असेल आणि त्यात फारसं काही साठलेलं नसेल, तर सिस्टिम, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी' आणि तिथे 'कीप माय फाइल्स' हा रस्ता जास्त खात्रीचा. तुमच्या फाइली राहतात, बसवलेले प्रोग्रॅम जातात. तरीही आधी बॅकअप घ्या.

पॉलिसीचा प्रश्न नसेल तर शेवटी ब्राउझरच्या सेटिंग्जमधलं 'रीसेट' वापरा. क्रोममध्ये त्याने सर्च इंजिन, सुरुवातीची पानं आणि पिन केलेले टॅब पूर्ववत होतात, एक्स्टेन्शन्स बंद होतात आणि कुकीज (साइटवरचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) पुसल्या जातात, त्यामुळे सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागतं. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड राहतात. मग विंडोज सिक्युरिटीतून एक पूर्ण स्कॅन करा, आणि तिथल्याच 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये नको असलेली ॲप्स अडवायची सोय चालू आहे का ते पाहा.

टाकलेली अक्षरं कुठे जातात

ॲड्रेस बारमध्ये टंकताना खाली सूचना येतात, कारण एंटर दाबण्याआधीच ती अक्षरं डिफॉल्ट इंजिनकडे पाठवली जातात. चुकून त्या पट्टीत पासवर्ड किंवा आधार क्रमांक टाकला गेला तर तोही जाऊ शकतो. हे नको असेल तर सूचना बंद करा. फायरफॉक्स आणि सफारीत ती खूण सर्चच्याच पानावर आहे. क्रोममध्ये ती 'सिंक अँड गूगल सर्व्हिसेस'खाली 'इम्प्रूव्ह सर्च सजेशन्स' या नावाने सापडते.

इंजिन कुठलंही असो, बँकेचं संकेतस्थळ आणि बँकेचा ग्राहकसेवा क्रमांक शोधून काढू नये. वरच्या दुव्यांमध्ये भामट्यांची पानं आणि खोटे नंबर शिरतात, आणि लोकांची बचत याच मार्गाने जाते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'ने संपणाऱ्या पत्त्यांवर जायला सांगितलं. तुमच्या बँकेचा तो पत्ता एकदा पासबुकावरून किंवा शाखेतून खात्री करून घ्या आणि बुकमार्क करून ठेवा. घरातल्या ज्येष्ठांच्या मशीनवर तर हे बुकमार्क पट्टीवरच दिसू द्या. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा.

मुलांच्या खात्यावर मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी लावलं असेल आणि संकेतस्थळं गाळायची सोय चालू असेल, तर क्रोम अचानक उघडेनासा होतो. ती गाळणी एजमध्येच काम करते, म्हणून इतर नेहमीचे ब्राउझर अडवले जातात. मुलाने काही बिघडवलेलं नसतं. तिथे एज आणि बिंग राहू द्यावं, नाहीतर गाळणी बंद करून दुसरी व्यवस्था करावी.

अपडेटनंतर

विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर मशीन सुरू होताना पूर्ण पडद्यावर पीसीची मांडणी पूर्ण करा असं सांगणारी पानं येतात. त्यातल्या एका पानावर ब्राउझरच्या 'रेकमेंडेड' सेटिंग्ज वापरायचा पर्याय असतो. घाईत तो मान्य केला की एज आणि बिंग परत डिफॉल्ट होतात. तिथे ब्राउझरच्या सेटिंग्ज बदलू नका असं सांगणारा पर्याय निवडायचा. हे पडदे पुन्हा नकोत तर सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स इथे अगदी तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज' उघडा आणि विंडोजचा पुरेपूर वापर सुचवणारी व मांडणी पूर्ण करायला सांगणारी खूण काढा. त्यानंतर एकदा ॲड्रेस बार, नवा टॅब आणि खासगी विंडो या तिन्ही ठिकाणी एकेक शब्द शोधून पाहा. निकाल तुम्ही ठरवलेल्या इंजिनवर उघडत असतील तर काम झालं.